एव्हिएशन आणि गाळलेली ओळ

फेब्रुवारी संपत आला होता. माझं पोस्टिंग तेव्हा हिमाचलमध्ये, धौलाधारच्या पायथ्याच्या एका छावणीत होतं. एनडीएतला माझा एक कोर्समेट दोन दिवसांसाठी माझ्याकडे राहायला आला. गडी मूळचा नागपूरचा. खडकवासल्याला आम्ही एकाच स्क्वाड्रनमध्ये होतो. पुढे तो आर्मी एव्हिएशनमध्ये गेला आणि ग्लेशियरवर चीता हेलिकॉप्टर उडवत राहिला. आता पाठीच्या मणक्याने दगा दिला होता, मेडिकल कॅटेगरी खाली आली होती आणि त्याचं उडणं कायमचं बंद झालं होतं. हे त्याने मला फोनवर एका वाक्यात सांगितलं होतं. आल्यावर त्या विषयावर तो अवाक्षर बोलला नाही.

पिशवीतून मात्र त्याने गवताच्या वेष्टनातली एक बाटली काढली. मारास्किनो. परदेशातून येताना कुणीतरी त्याला आणून दिली होती. म्हणाला, "आमच्या कोअरच्या नावाचं एक कॉकटेल आहे. एव्हिएशन. वीस वर्षं उडवलं, पण एकदाही प्यायलो नाही. आता प्यायला हरकत नाही. बनवतो का बे?"

मद्याची भलामण करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. जे घेत नाहीत त्यांनी घेऊ नये, आणि घेणाऱ्यांनी आपली सीमा ओळखावी. पण त्या संध्याकाळच्या निमित्ताने मी या पेयाचा इतिहास धुंडाळायला लागलो आणि त्यात मला माझी स्वतःची एक जुनी चूक सापडली. म्हणून हे लिहितोय.

न्यूयॉर्क, १९१६

एव्हिएशनची सर्वांत जुनी छापील कृती १९१६ सालची आहे. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळ वॉलिक नावाचं हॉटेल होतं. तिथला मुख्य बारटेंडर ह्यूगो एन्स्लिन हा मूळचा जर्मन. त्याने 'रेसिपीज फॉर मिक्स्ड ड्रिंक्स' नावाचं एक छोटेखानी पुस्तक काढलं. त्यात एव्हिएशनसाठी एक तृतीयांश लिंबाचा रस, दोन तृतीयांश जिन, दोन शिंतोडे मारास्किनो आणि दोन शिंतोडे क्रेम द व्हायोलेत असं प्रमाण आहे. बर्फाबरोबर चांगलं हलवा, गाळा, द्या. कृती संपली.

यातली मारास्किनो म्हणजे मारास्का जातीच्या आंबट चेरीपासून केलेली पाण्यासारखी नितळ लिक्यूर. क्रेम द व्हायोलेत म्हणजे व्हायोलेटच्या फुलांची गोड, जांभळी लिक्यूर. ती दोन-चार थेंब पडली की पेल्यात फिकट निळसर-राखाडी छटा येते, पहाटेच्या आकाशासारखी. नाव एव्हिएशन का, हे एन्स्लिनने लिहिलेलं नाही. पण तो रंग पाहिला की विचारावं लागत नाही.

काळही तसाच होता. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चं. तेरा वर्षांच्या आत लाकूड, तारा आणि कापड यांनी बनलेली ती यंत्रं फ्रान्सच्या आकाशात एकमेकांवर मशीनगन चालवत होती. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, काही हिंदुस्थानी तरुण रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले. हरदित सिंग मलिक त्यातून वाचले आणि स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय २२ जुलै १९१८ रोजी पडले, तेव्हा त्यांना वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. जून १९१८ मध्ये त्यांचं विमान शत्रूच्या बाजूला पडलं, जखमांनी त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांची कबर आजही फ्रान्समध्ये आहे. रॉय यांचं नाव तुम्ही कुठेतरी वाचलेलं असेल. वेलिणकरांचं किती मराठी माणसांनी ऐकलंय? मी स्वतः एनडीएची तीन वर्षं आणि आयएमएचं एक वर्ष संपवून बाहेर पडलो, तेव्हाही ऐकलेलं नव्हतं.

लंडन, १९३०

जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू झाली आणि डिसेंबर १९३३ पर्यंत टिकली. हजारो बारटेंडर एका रात्रीत बेकार झाले. काहींनी धंदा बदलला, काहींनी देश. देश बदलणाऱ्यांत हॅरी क्रॅडॉक होता. जन्माने इंग्रज, धंदा शिकला अमेरिकेत. तो लंडनला परतला आणि सॅव्हॉय हॉटेलच्या अमेरिकन बारमध्ये लागला. १९३० मध्ये त्याचं 'सॅव्हॉय कॉकटेल बुक' निघालं. सुंदर चित्रं, शेकडो कृती. जगभरच्या बारमध्ये हे पुस्तक पोथीसारखं वापरलं गेलं.

त्यातही एव्हिएशन आहे. एक तृतीयांश लिंबाचा रस, दोन तृतीयांश जिन, दोन शिंतोडे मारास्किनो. बस्स. व्हायोलेत नाही.

का नाही? कारण दिलेलं नाही. व्हायोलेतची बाटली क्रॅडॉकला ठाऊक नव्हती असं म्हणता येत नाही, कारण त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या कृतीत ती आहे. त्याला चव आवडली नसेल, हाताशी आलेल्या कागदावरच ती ओळ नसेल, किंवा नकलून घेताना नजर एक ओळ खाली सरकली असेल. आपल्या युनिटमधल्या क्लार्कच्या हातून होतं तसं.

परिणाम मात्र स्पष्ट आहे. एन्स्लिनचं पुस्तक छोटं, एकट्याने काढलेलं, आणि चार वर्षांत त्याच्या देशात दारूच बेकायदा झाली. सॅव्हॉयचं पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं गेलं. पुढच्या लोकांनी सॅव्हॉयवरून नक्कल केली, त्यांच्यावरून त्यांच्या पुढच्यांनी. पेल्यातलं आकाश गेलं, नाव तेवढं राहिलं. पांढुरक्या, आंबट पेयाला एव्हिएशन का म्हणतात, हा प्रश्न पडायलाही मूळ कृती माहीत असावी लागते. आणि मागणी नसलेली बाटली कोण आणणार? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेम द व्हायोलेत अमेरिकेच्या बाजारातून जवळपास दिसेनाशी झाली.

पुढे जुन्या पुस्तकांचा नाद असलेल्या काही बारटेंडरांनी आणि संग्राहकांनी एन्स्लिनची प्रत शोधून काढली. सॅव्हॉयशी ताडून पाहिली, तेव्हा ती ओळ सापडली. २००७ मध्ये ऑस्ट्रियात बनलेली व्हायोलेत पुन्हा अमेरिकेत येऊ लागली आणि एव्हिएशनला त्याचा रंग परत मिळाला. सत्याहत्तर वर्षं गेली मधे.

या पेयातल्या दुसऱ्या बाटलीची गोष्ट फौजी वाचकांना जास्त जवळची वाटेल. मारास्किनोसाठी नावाजलेलं लुक्सार्दो घराणं १८२१ पासून एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या झारा, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या झादर शहरात होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३-४४ मध्ये, दोस्तांच्या बॉम्बफेकीत ते शहर आणि ती भट्टी उद्ध्वस्त झाली. घराण्यातली माणसं मारली गेली. त्या पिढीतला वाचलेला भाऊ जॉर्जिओ इटलीत गेला आणि १९४७ मध्ये पादुआजवळच्या तोरेल्या गावात त्याने तीच चेरी लावून पुन्हा सुरुवात केली. युद्धात बेचिराख झालेली मारास्किनो तीन-चार वर्षांत उभी राहिली. शांततेत, टेबलावर बसून गाळलेली व्हायोलेत परत यायला पाऊणशे वर्षं लागली.

सोळा की सतरा

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी.

मी कॅप्टन होतो तेव्हा आमच्या पलटणीच्या रेझिंग डेला एक स्मरणिका काढायचं ठरलं. तरुण, मराठी-इंग्रजी दोन्ही बरं लिहिणारा, लग्न न झालेला, म्हणजे हे काम माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होतं. १९७१ च्या लढाईतल्या हुतात्म्यांची यादी मला ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तयार मिळाली. नंबर, रँक, नाव असे तीन रकाने. सोळा नावं. मी ती उचलली आणि छापली.

रेझिंग डेच्या बडाखान्याला पेन्शनर मंडळी आली होती. साताऱ्याकडचे एक जुने सुभेदार साहेब जेवायचं ताट बाजूला ठेवून स्मरणिका वाचत बसले होते. बोट ठेवून दोनदा मोजलं. मग मला जवळ बोलावलं.

"साहेब, सोळा न्हाईत. सतरा."

मी म्हणालो, "सुभेदार साहेब, यादीत सोळाच आहेत."

"यादी कुनी केली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं. त्या डोंगरावर पलटणीबरोबर गावातले पोर्टर होते. वर दारूगोळा न्यायचा, खाली जखमी आणायचे. सुभेदार साहेब तेव्हा बाविशीतले जवान. मांडीत गोळी लागून पडले होते. "त्यानं मला पाठीवर घेतलं आन् पार रस्त्यापत्तोर खाली आनलं. पानी पाजलं. मंग दुसऱ्या खेपेला वर गेला, तो काय परत आला न्हाई. तोफेचा गोळा." थोडं थांबून म्हणाले, "आमच्या टायमाच्या कागदात हुतं त्याचं नाव. मी सोता बघितलंय."

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमधल्या जुन्या ट्रंका उपसल्या. तिसऱ्या ट्रंकेत १९७३ ची सायक्लोस्टाइल केलेली प्रत मिळाली. सोळा नावं ओळीने, आणि पान उलटल्यावर मागे एकच ओळ: पोर्टर, त्याचं नाव, त्याचं गाव. नव्वदच्या दशकात कुणीतरी ही यादी टाइप करताना तीन रकाने आखले होते. पोर्टरला ना नंबर होता, ना रँक. तो त्या रकान्यांत बसला नाही. टाइप करणाऱ्याने मुद्दाम काही केलं असेल असं मला वाटत नाही. मीही मुद्दाम काही केलं नव्हतं. फक्त मूळ प्रत उघडायचे कष्ट घेतले नव्हते.

सीओ साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी झापलं नाही, म्हणून जास्त लागलं. उरलेल्या प्रतींत आम्ही चिठ्ठी छापून चिकटवली. पुढच्या वर्षी फलकावर सतरावं नाव कोरलं गेलं. पण वाटून झालेल्या प्रती गावोगाव गेल्या होत्या. त्या घरांतल्या कपाटांत आजही सोळाच आहेत. त्या माणसाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते पलटणीच्या फलकावर आहे, तिथेच शोभतं.

सॅव्हॉयच्या पानावर ती तीन घटकांची कृती पाहिली, तेव्हा मला क्रॅडॉकचा राग आला नाही, तो याचमुळे.

माझ्या स्वयंपाकघरात

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. जिनची अडचण नव्हती. आजकाल गोव्यात चांगली जिन बनते. माझ्याकडे ग्रेटर दॅन होती. त्याच घरची हापूसा नावाची जिनही आहे. नाव ऐकून आंबा डोळ्यांपुढे आणू नका. 'हपुषा' हे ज्यूनिपरचं संस्कृत नाव, आणि त्या जिनमध्ये हिमालयातलं ज्यूनिपर असतं. मारास्किनो पाहुण्याने आणलेली. लिंबं भाजीवाल्याकडची. उरली व्हायोलेत. ती सीएसडीत तर सोडाच, धर्मशाळेच्या दुकानांतही नव्हती.

पण व्हायोलेट दारातच होतं. हिमाचलमध्ये त्याला बनफ्शा म्हणतात. थंडी ओसरू लागली की सावलीच्या उतारावर, दगडांच्या बेचक्यात ही टिचभर झाडं फुलतात. गावातल्या बायका फुलं वेचून वाळवतात आणि विकतात. सर्दी-खोकल्याच्या काढ्यात ती घालतात, हकिमांच्या जोशांद्यातही असतात. कामवाल्या मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खांसी है क्या साहब?" मी हो म्हणून टाकलं.

सरबत असं केलं. वाटीभर ताज्या पाकळ्या, हिरवा भाग काढून. काचेच्या बरणीत घालून त्यावर वाटीभर उकळतं पाणी ओतलं आणि रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी पाणी गडद निळं-जांभळं झालं होतं. ते गाळून त्यात दीड वाटी साखर घातली आणि मंद आचेवर, न उकळता, विरघळवली. ही काही खरी क्रेम द व्हायोलेत नव्हे, कारण तिच्यात मद्यार्क असतो. पण फूल तेच आहे.

आता प्रमाण. एन्स्लिनचा एक तृतीयांश लिंबू आजच्या जिभेला फार आंबट लागतो, आणि आपलं कागदी लिंबू तर त्यांच्या लेमनपेक्षा तिखट. मी एका पेल्यासाठी जिन ६० मिली, लिंबाचा रस १५ मिली, मारास्किनो १० मिली आणि बनफ्शाचं सरबत ५ मिली घेतलं. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली चालते. बर्फ भरपूर घाला, बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा आणि गाळणीने गार केलेल्या छोट्या पेल्यात ओता. फुलाचं सरबत मोजूनच घाला. जास्त झालं की अंगाचा साबण चाटल्यासारखं लागतं. स्वानुभव आहे.

आधी सॅव्हॉयचा, तीन घटकांचा पेला केला. स्वच्छ, आंबट, मागे चेरीच्या बाठीचा हलका कडवटपणा. वाईट मुळीच नाही. मग चौथा घटक घालून दुसरा. मी पाहुण्याला निळ्या आकाशाचं आश्वासन दिलं होतं. बाटली उघडून ओतलं, तर पेल्यात गुलाबी!

"काय बे, आकाश म्हणत होता ना तू?" तो हसत सुटला.

चूक माझी होती, आणि तिचा इतिहास एन्स्लिनपेक्षाही जुना आहे. व्हायोलेटचा निळा रंग आम्लात लाल होतो आणि अल्कलीत हिरवा. रॉबर्ट बॉइलने १६६४ च्या आपल्या रंगांवरच्या ग्रंथात नेमकं व्हायोलेटचं सरबत वापरूनच हे दाखवलं होतं. आपण शाळेत लिटमस वापरायचो, त्याची ही पणजी. बाजारातल्या पुष्कळ व्हायोलेतमध्ये वेगळा रंग घातलेला असतो, म्हणून लिंबातही तिचा निळेपणा टिकतो. घरच्या फुलांचा टिकत नाही.

चवीत मात्र फरक होता. फुलाचा वास पहिल्या घोटाला आला, दुसऱ्याला गायब झाला, थोड्या वेळाने पुन्हा आला. व्हायोलेटच्या वासातलं आयोनोन नावाचं द्रव्य नाकाला थोडा वेळ बधिर करतं, त्यामुळे हे होतं. पण शास्त्र बाजूला ठेवा. ते चार घटक एकत्र आल्यावर पहिला पेला अपुरा होता हे कळलं. आधी तो अपुरा वाटला नव्हता.

पाहुणा पेला हातात धरून बराच वेळ खिडकीतून धौलाधारकडे बघत होता. मग पहिल्यांदाच त्या विषयावर बोलला. "ग्लेशियरवर आम्ही उजाडता उजाडता उडायचो. नंतर वारा सुटतो. त्या वेळी शिखरांमागे हाच रंग असतो. निळं नंतर होतं." तेवढंच. त्याने तो पेला अगदी सावकाश संपवला.

दोन दिवसांनी तो गेला. मी मेसच्या बारसाठी कृती लिहून दिली, चारही घटक, आणि खाली 'ह्यूगो एन्स्लिन, न्यूयॉर्क, १९१६' अशी नोंद. मेस हवालदाराने ती कार्डावर उतरवायला घेतली. सुवाच्य अक्षराचा, नेटका माणूस. तिसऱ्या ओळीपर्यंत आला आणि पेन थांबवून त्याने विचारलं,

"साहब, ये चौथी चीज़ तो मिलती नहीं. लिखूँ, या छोड़ दूँ?"

मी म्हणालो, "लिखो. कंसात लिहा, मिलती नहीं. पर लिखो."

जय हिंद.